अडकणारा ॲक्सिलरेटर
बाबांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा ॲक्सिलरेटर पाय काढला तरी वर येत नव्हता. आज बॉनेट उघडून बसलो. पेडलपासून इंजिनाकडे जाणारी केबल सोडवून थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) हाताने फिरवला, तर सोडताच टपकन बंद झाला. म्हणजे स्प्रिंग ठीक, दोष केबलचाच. तार बाहेर ओढली तर पेडलच्या बाजूला काही पदर तुटून काट्यासारखे उभे राहिलेले, तेच आवरणात रुतत होते. अशा तारेला तेल घालून भागत नाही, नवीनच टाकावी लागते. बसवताना किंचित ढील ठेवली, नाहीतर आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) वाढतं. बाबा लगेच चक्कर मारून आले, इतकं बरं वाटलं!

चालत्या गाडीत असं झालं तर क्लच दाबून न्यूट्रल करा, ब्रेक मारा. चावी मात्र गाडी थांबल्यावरच बंद करा, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.