टाकलेली बोट

गणपतीला गावी गेलो की आरती संपते न संपते तोच कुणीतरी विचारतंच, "अमेरिकेनं टाकलेली बोट आपण कशाला घेतली हो? सहा माणसं गेली ना तिच्यावर?" ती बोट म्हणजे आपल्या नौदलाचं जहाज 'जलाश्व'. नोकरीची शेवटची वर्षं मी तिच्या बॉयलर रूममध्ये काढली, म्हणून प्रश्न मला. दरवेळी चिडतो आणि अर्धवट काहीतरी बोलून उठतो. आज नीट लिहितो.

जुनी होतीच ती. १९७१ साली 'ट्रेंटन' नावानं अमेरिकी नौदलात आली. २००७ मध्ये आपण ती सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलरना घेतली. जहाजाची अवस्था नीट न तपासता घाईनं खरेदी झाली, असं कॅगनंही म्हटलं. त्यावर मला वाद घालायचा नाही. पण भंगार म्हणण्याआधी तिचं पोट तरी बघा. टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलं की जहाज मागून खाली बसतं, मागचं दार उघडतं, आतला हौद भरतो आणि रणगाडे, ट्रक, जवान घेतलेल्या, थेट किनाऱ्याला लागणाऱ्या लहान बोटी (लँडिंग क्राफ्ट) तरंगत बाहेर पडतात. असं दुसरं जहाज तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

आणि ती सहा माणसं. १ फेब्रुवारी २००८, बंगालचा उपसागर, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची गळती. मी तेव्हा दुसऱ्या जहाजावर होतो. या वायूला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं वाटतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी वायू मोजायचा मीटर लावल्याशिवाय कुठल्याही बंद टाकीत डोकं घालू दिलं नाही. जहाज नवं असतं तर ते सहा वाचले असते का? मला सांगता येत नाही. तुम्ही मात्र उत्तर माहीत असल्यासारखं विचारता, त्याचा राग येतो.

खरं तर बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा मीही बायकोला म्हणालो होतो, "म्हातारीवर टाकलंय मला." तुमचाच प्रश्न होता तो.

मग ८ मे २०२० आला. माले बंदर. लॉकडाऊनमध्ये मालदीवला अडकलेली ६९८ माणसं न्यायची होती, त्यात १९ गरोदर बायका. मला सामानावर लावलं होतं. मास्क, चष्मा, हातमोजे, आत घामाची धार. माणसं अंतर ठेवून एकेक करत वर येत होती. एकाच्या हातात दोरीनं बांधलेला मिक्सर होता, तो काही केल्या खाली ठेवेना. मी बरोबरच्या पोराला मराठीत ओरडलो, "अरे, ती बॅग आडवी धर!" तशी रांगेतली एक बाई थबकली. सातवा-आठवा महिना असावा. म्हणाली, "दादा, तुम्ही आपल्याकडचे? ही बोट जुनी आहे का हो?"

तिनं एका हातानं रेलिंग धरलं होतं. रंगाचे थरावर थर चढलेलं, त्यामुळे जाड झालेलं रेलिंग. बोट तेव्हा ४९ वर्षांची होती.

"नाही हो ताई," मी म्हणालो. "बिनधास्त चढा."

रात्री वॉचवर वाफेच्या दाबाच्या काट्यावरून माझी नजर हटली नाही. एरवी एखादा आवाज बदलला तर चहाचा घोट संपवून उठायचो. त्या रात्री चहा घेतलाच नाही. डोक्यात एकच चाललं होतं, आपण तिच्याशी खोटं बोललो. खरं सांगायचं तर काय सांगणार होतो? की हिचं हे पहिलंच काम नाही? जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात मोगादिशूच्या अमेरिकी वकिलातीत अडकलेल्यांसाठी हिच्याच डेकवरून ४६६ सागरी मैलांवरून हेलिकॉप्टरं उडाली होती, वाटेत हवेतच इंधन घेत. २००६ मध्ये लेबननमधून हिनं माणसं आणली. हे सगळं मला पाठ होतं. पण तिनं वय विचारलं होतं, आणि ते मी लपवलं.

१० तारखेला सकाळी कोची आलं. माणसं उतरताना मी खालीच होतो. वरून पावलांचा आवाज येत होता, बराच वेळ. ती कोणत्या पावलांत होती, कळायला मार्ग नव्हता.