निशाकर की सुधाकर?

सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडे सोडवताना पेन वापरण्याची माझी खोड आज पुन्हा अंगाशी आली. आडव्या शब्दांत ‘चंद्र’ असे चार घरांचे सूत्र होते आणि मी क्षणाचाही विचार न करता ‘सुधाकर’ लिहून टाकले. पहिल्याच घरातून खाली उतरणारी ‘काटेरी वनस्पती’ मात्र ‘सु’ने सुरू होईना, ती ‘निवडुंग’ आहे हे ध्यानात आल्यावर ‘सु’वर ‘नि’ आणि ‘धा’वर ‘शा’ गिरवून ‘निशाकर’ केला.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले, तेव्हा प्रत्येक घरात रोमन लिपीतील एक सुटे अक्षर होते. आपल्याकडे जोडाक्षर मात्रेसकट एकाच घरात बसते, त्यामुळे ‘स्वातंत्र्य’ अवघ्या तीन घरांत मावते. पण याच सोयीमुळे जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे वेलांटीसुद्धा जुळावी लागते.

आजच्या कोड्याची गफलत नेमकी तिथेच झाली. एकाच घरातून आडवे ‘कीर्तन’ आणि उभा ‘किनारा’ निघत होते. (शुद्धलेखनाला इतके सैल सोडायचे, तर कोडे कशाला रचायचे?) बाकीची सूत्रे चोख होती, विशेषतः ‘हा उलटला तरी रसच’ या सूत्राचे ‘सर’ हे उत्तर पाहून मी रचनाकाराला मनोमन दाद दिली, पण त्या एका घरात दोन्ही वेलांट्या काढून ठेवल्या आहेत.