लकवा झालेल्या माणसाला पाणी पाजायच्या आधी

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कुणाला लकव्याचा झटका आला की आधी दवाखान्याची धावपळ आणि पेशंट कॉटवर आला रे आला की पाण्याची. उन्हाळ्यात तर विचारूच नका. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, "थोडं पानी तरी पाज वं माय त्याले." मायेनेच म्हणते. पण झटक्यानंतर गिळायची क्रिया उशिरा सुरू होते, पाणी पातळ, ते त्याच्या आधीच खाली उतरून श्वासनलिकेत जातं, आणि कित्येकांना साधा ठसकासुद्धा लागत नाही, मग दोन-तीन दिवसांनी ताप येतो, न्यूमोनिया निघतो तेव्हा कुठे कळतं.

ब्रिटन-आयर्लंडची २०२३ ची स्ट्रोकची गाइडलाइन सांगते की पेशंट आल्यापासून ४ तासांच्या आत गिळणं तपासा, आणि तोवर तोंडाने अन्न, पाणी, गोळी काहीच नको. ही पहिली तपासणी स्पीच थेरपिस्टनेच (बोलणं आणि गिळणं बघणाऱ्या तज्ज्ञाने) करावी असंही नाही, शिकलेली सिस्टर करू शकते. आपल्याकडे हेच कामाचं आहे कारण रात्री दोन वाजता थेरपिस्ट कुठून आणणार? म्हणून मी आधी नाइट ड्यूटीच्या सिस्टरांना शिकवते. भिंतीवर कागद चिकटवून काही होत नाही, तो कोणी वाचत नाही, औषधांच्या चार्टवर सगळ्यात वर "गिळणं तपासलं?" असा रकाना आला तेव्हा फरक पडला, कारण गोळी देताना तो दिसतोच.

नातेवाइकांना नुसतं "देऊ नका" म्हटलं की ते लपून पाजतात, त्यांना वाटतं आपला माणूस उपाशी मारताय. त्यांना अहिराणीत कारण सांगायचं, सलाईनमधून पाणी जातंय हे दाखवायचं आणि हाताला काम द्यायचं, तोंड साफ ठेवायचं. तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो, त्यामुळे हे काम खरंच मोठं आहे.

पुढे मऊ खाणं सुरू झालं की काय खायचं-काय नाही याचा परदेशी तक्ता तसाच देऊन चालत नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कोरडी, तोंडात भुगा होतो, ती नकोच. भरीत मऊ दिसतं पण त्यात दाणे, मिरच्या, वांग्याच्या बिया. नुसतं भाजलेलं वांगं चाळणीतून काढून दह्यात एकजीव केलं तर बऱ्याच जणांना जमतं, अर्थात आधी तपासून.

नंदुरबारकडे सातपुड्यातून येणाऱ्या घरांसाठी हे सगळं त्यांच्या पावरी बोलीत सांगणारं कोणी हवंय मला. ओळखीचं कोणी असेल तर कळवा.