बॉर्डरची रेघ नेमकी कुणाची?

डॅशबोर्डवर चार आकड्यांचे चार खोके मांडायचे होते. मोबाइलवर एकाखाली एक, टॅबलेटवर दोन-दोन, रुंद स्क्रीनवर चारही एका ओळीत आणि प्रत्येक वेळी मधे बारीक रेघ. वेगळं सीएसएस (वेब पानाचं रूप ठरवणारी भाषा) न लिहिता सगळं टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कच्या युटिलिटी क्लासनी, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तयार क्लासनी, करायचं होतं.

टेलविंडमध्ये प्रीफिक्स (नावाआधीचा 'एमडी:'सारखा भाग) नसलेला क्लास सगळ्या रुंदींना लागतो. 'एमडी:' 768 पिक्सेलपासून आणि 'एलजी:' 1024 पासून पुढे लागू राहतो. त्यामुळे मोबाइलसाठी दिलेली आडवी रेघ मोठ्या स्क्रीनवर आपोआप जात नाही, ती काढावी लागते. प्रत्येक खोक्याला 'बॉर्डर-बी एलजी:बॉर्डर-बी-0 एलजी:बॉर्डर-आर लास्ट:बॉर्डर-0' दिलं: आधी खालची रेघ, रुंद स्क्रीनवर ती काढून उजवी, आणि शेवटच्या खोक्याला रेघच नाही. मोबाइल आणि रुंद स्क्रीन दोन्ही जमले, पण टॅबलेटसाठी सम-विषमचे क्लास जोडत गेलं की ओळ वाचवेना.

मग पालक एलिमेंटवर, म्हणजे चारही खोके ज्याच्या आत आहेत त्यावर, 'डिव्हाइड-वाय एलजी:डिव्हाइड-वाय-0 एलजी:डिव्हाइड-एक्स' लावलं. डिव्हाइड आतल्या खोक्यांच्या (मुलांच्या) मधे रेघ ओढतं. हे फार देखणं आहे, मुलांना हातही लावावा लागत नाही. पण डिव्हाइडला फक्त मुलांचा क्रम कळतो, ग्रिडच्या (ओळी-रकान्यांच्या मांडणीच्या) ओळी कळत नाहीत. दोन-दोनच्या मांडणीत एका खोक्याला रेघ आणि शेजारच्याला नाही, अशी अर्धी रेघ उरते.

इथे विचाराची दिशाच बदलली. ही रेघ कुठल्याच खोक्याची नव्हती, ती मधल्या फटीची होती. मग फटीलाच रेघ करायचं: पालकाला 'ग्रिड गॅप-पीएक्स बीजी-ग्रे-200', मुलांना 'बीजी-व्हाइट'. एक पिक्सेलच्या फटीतून मागचा करडा रंग दिसतो. रकाने एक असोत, दोन वा चार, बॉर्डरसाठी एकही ब्रेकपॉइंट ('एमडी:', 'एलजी:'सारखी रुंदीची अट) लिहावा लागत नाही. बाहेरची चौकट हवी असेल तर पालकालाच 'बॉर्डर', आणि कोपरे गोल हवे असतील तर सोबत 'ओव्हरफ्लो-हिडन'. खोके पाच झाले तर मात्र शेवटच्या ओळीत रिकामी जागा करडी दिसते, तिथे पांढरा रिकामा खोका भरावा लागतो.

निवडलेल्या खोक्याची जाड निळी पट्टी मात्र खरोखर त्या खोक्याची. मोबाइलवर ती वर, रुंद स्क्रीनवर डावीकडे: 'बॉर्डर-टी-4 एलजी:बॉर्डर-टी-0 एलजी:बॉर्डर-एल-4'. बाकीच्या खोक्यांनाही हेच क्लास देऊन रंग 'बॉर्डर-ट्रान्सपरंट' ठेवला, नाहीतर निवड बदलली की मजकूर चार पिक्सेल सरकतो. तेवढी हालचालही डोळ्याला खुपते.

बॉर्डरचा रंग मी आता कायम स्पष्ट लिहिते. टेलविंडच्या तिसऱ्या आवृत्तीत न सांगता फिका करडा मिळायचा. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरांचाच रंग रेघेला लागतो आणि नाजूक रेघा अचानक काळ्या होतात.

साध्या उभ्या यादीसाठी मी अजूनही डिव्हाइडच वापरते. ब्राउझर बॉर्डरची जाडी स्क्रीनच्या पूर्ण पिक्सेलवर बसवतो, गॅपची नाही. त्यामुळे 110 टक्के झूमवर फटीतल्या रेघा कमी-जास्त जाड दिसू शकतात, डिव्हाइडच्या एकसारख्या राहतात.