मतमोजणीच्या दिवशी इफ्फीला

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये चढले तेव्हा डब्यात कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेची मतमोजणी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर वेगळं चॅनल. पनवेलपर्यंत टपाली मतं झाली, चिपळूणपर्यंत कल स्पष्ट झाला आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली, तशी सगळ्यांची रेंज एकदम गेली. तेवढ्या अंधारात समोरच्या काकांनी मला विचारलं, "तुम्ही कुठे?"

"गोव्याला. इफ्फीला."

"ते काय?"

"चित्रपट महोत्सव. सिनेमे बघायला चाललेय."

काकांनी काही क्षण विचार केला. "गोव्याला जाऊन सिनेमे?" असं म्हणेपर्यंत उजेड आला, रेंज आली आणि ते पुन्हा त्यांच्या मतदारसंघात गेले.

काकांचं चुकत नाही. गोव्यापर्यंतचं तिकीट काढून समुद्राकडे पाठ करायची आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एसीत बसायचं, हे घरच्यांनाही अजून पटलेलं नाही. पण लिथुआनियाचा नाहीतर रुमानियाचा सिनेमा मला बाकी कुठे मोठ्या पडद्यावर दिसणार आहे? आमच्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये आपलाच सिनेमा दिसायची मारामार. आदल्याच दिवशी, शुक्रवारी, पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' देशभर प्रदर्शित झाला. फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवलेला, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा कानच्या मुख्य स्पर्धेत गेला होता. आमच्या भागात दिवसाला एकच शो, तोही ऑफिसातून लवकर निघाल्याशिवाय गाठता येणार नाही अशा वेळी. गाठला. हॉल निम्मा रिकामा होता.

तो सिनेमा डोक्यात ताजा असतानाच गाडी रत्नागिरीत शिरत होती, हा योग मी जुळवून आणला नव्हता. सिनेमाचा उत्तरार्ध रत्नागिरीकडच्याच एका समुद्रकाठच्या गावात घडतो. मुंबईतल्या हॉस्पिटलात दोन मल्याळी नर्स आणि तिथेच स्वयंपाकाला असलेली पार्वती. बिल्डरने पार्वतीच्या घरावर टाच आणलीय आणि नवरा गेल्यावर तिच्याकडे घराचा एक कागद नाही. शेवटी ती गाशा गुंडाळून गावी परतते. छाया कदमने ही बाई अशी उभी केलीय की ती अभिनय करतेय हे कळायला मला मध्यांतर उलटून जावं लागलं. कोकणातून मुंबईला जाणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे ढिगाने आहेत. मुंबईने नको म्हटल्यावर परतणारी बाई क्वचितच दिसते. रत्नागिरीच्या फलाटावर वडापाववाला ओरडत होता, काका निकाल ओरडून सांगत होते आणि मी गर्दीत पार्वती शोधत होते.

आता गंमत बघा. त्याच वर्षी भारताने ऑस्करला पाठवायला निवडला तो 'लापता लेडीज'. त्यातही छाया कदम, स्टेशनावर टपरी चालवणारी मंजू माई. म्हणजे एकच बाई दोन्ही पारड्यांत! 'लापता लेडीज' मला आवडतो, दोनदा पाहिलाय, घरातल्या सगळ्यांना घेऊन पाहिलाय. पण फिल्म फेडरेशनच्या सगळ्या पुरुषांच्या समितीने निवड जाहीर करताना भारतीय स्त्रिया म्हणजे नमतं घेणं आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा थाटाचं जे वाक्य लिहिलं ते वाचून मंजू माईने त्यांना टपरीवरून हाकललं असतं. माझं मत एवढंच की ऑस्करला पाठवायचा सिनेमा म्हणजे घरातला गुणी मुलगा नव्हे. बाहेरच्या परीक्षकांपुढे कोण टिकेल हे आधी बघायला हवं, आणि कानच्या परीक्षकांनी ते आयतं सांगून ठेवलं होतं.

करमळीला उतरले तेव्हा अंधारून आलं होतं. माझी आत्या रायबंदरला राहते. लग्न होऊन गोव्यात आली त्याला इतकी वर्षं झाली की तिच्या मराठीला आता मांडवीचं पाणी लागलंय. तिने दार उघडताच विचारलं, "जेवलीस गो? की यंदाही सिनेमे खाऊनच राहणार?" ताटात सुंगटांची कढी, किसमूर आणि उकडा भात. इफ्फीच्या दिवसांत हे एवढंच नीट जेवण, कारण उरलेला आठवडा पावावर जातो.

रायबंदरहून पणजीला जायचं तर बस जुन्या पोर्तुगीज बांधावरून जाते. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. सकाळची ही दहा मिनिटं हेच माझं गोवादर्शन. पुढे पाटो ओलांडलं की नदीत कॅसिनोची जहाजं, रस्त्याच्या कडेला महोत्सवाचं चिन्ह असलेले मोर आणि कुठे ना कुठे खणलेला रस्ता. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव गावोगाव फिरत होता, २००४ पासून गोव्यात कायमचा आला. पोर्तुगीजांच्या काळातल्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आयनॉक्स, शेजारी मॅकेनीज पॅलेस. पूर्वी जिथे डॉक्टर घडायचे तिथे आता आम्ही मान वाकडी करून पहिल्या रांगेतून सबटायटल वाचतो.

प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवायला २०२४ मध्ये हजार रुपये आणि वर जीएसटी होता. त्यात दिवसाला चार-पाच सिनेमे बघता येतात, तेव्हा मुंबईतल्या शनिवारच्या एका तिकिटाशी तुलना केली तर लूट आपल्या बाजूने आहे. तिकीट मोबाइलवरून आधीच काढायचं. चांगले सिनेमे बघता बघता भरतात. मग रश लाइन, म्हणजे तिकीट न मिळालेल्यांची रांग. या रांगेचा निम्मा भाग केरळचा असतो. माझ्या पुढे कोट्टयमकडचे एक निवृत्त गृहस्थ होते. हातात वही, वहीत तक्ता, तक्त्यात कोणत्या सिनेमाने कुठे काय जिंकलं ते. कान लाल पेनाने, व्हेनिस निळ्याने. डिसेंबरात हीच वही घेऊन ते तिरुवनंतपुरमच्या महोत्सवाला जाणार होते. मी विचारलं, "बक्षीस मिळालेला सिनेमा नाही आवडला तर?" ते म्हणाले, "तर भांडायला तरी कोणाशी हे कळतं."

त्यांच्या निळ्या पेनाच्या भरवशावर मी 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम' पाहिला आणि त्या आठवड्यातला माझा पहिला नंबर तिथेच ठरला. रुमानिया, २० डिसेंबर १९८९. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळायला दोन दिवस उरलेत, पण हे कोणालाच ठाऊक नाही. टीव्हीवरचा नववर्षाचा कार्यक्रम चित्रित होऊन पडलाय आणि त्यातली नटी देश सोडून पळालीय, म्हणून तिच्यासारखी दिसणारी दुसरी शोधायची. दुसरीकडे एका लहान मुलाने नाताळबाबाला पत्र टाकलंय: बाबांना काय हवंय, तर निकू काकांनी मरावं. निकू काका म्हणजे खुद्द चाउशेस्कू. पत्र पेटीत पडलंय आणि बापाची पाचावर धारण बसलीय. हॉल हसत होता आणि हसता हसता घाबरत होता. सहा माणसांचे सहा धागे शेवटी राव्हेलच्या 'बोलेरो' या संगीतरचनेवर असे एकत्र आवळत जातात की दिवे लागल्यावर लोक टाळ्या वाजवायचंही विसरले, मग आठवून वाजवल्या. बोगदान मुरेशानूचा हा पहिलाच मोठा सिनेमा आहे यावर माझा विश्वास बसेना.

'होली काउ' वेगळ्याच जातीचा. फ्रान्समधल्या जुरा भागातला अठरा वर्षांचा टोटोन बाप गेल्यावर धाकट्या बहिणीला सांभाळायला लागतो आणि तीस हजार युरोंच्या बक्षिसासाठी कोंते चीज बनवायच्या मागे लागतो. दूध चोरायचं कुठून, तर जिच्याशी सूत जुळतंय तिच्याच गोठ्यातून! मुख्य पोरगा क्लेमाँ फावो व्यावसायिक नट नाही, आणि म्हणूनच त्याच्या चेहऱ्यावर कष्टाचा मळ खरा वाटतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही हा सिनेमा सबटायटलशिवाय कळेल. दूध डेअरी, मोटरसायकली, जत्रेतली मारामारी, सगळं ओळखीचं.

'टॉक्सिक' मात्र मला जड गेला. लिथुआनियातल्या एका भकास औद्योगिक गावात दोन तेरा वर्षांच्या मुली मॉडेलिंगच्या शाळेत जातात, बारीक होण्यासाठी एकीची मजल पोटात जंत सोडण्यापर्यंत जाते. सिनेमा उत्तम बांधलाय, एकही फ्रेम वाया गेलेली नाही. पण काही ठिकाणी मला वाटलं, कॅमेरा त्या मुलींच्या कुपोषणाकडे जरा जास्तच कौतुकाने बघतोय. बाहेर पडल्यावर कोट्टयमचे काका वही मिटून म्हणाले, "हाच जिंकेल." ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात त्याने सुवर्ण बिबट्या हे तिथलं सर्वोच्च बक्षीस घेतलंच होतं.

मराठीचं काय? 'रावसाहेब' आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या पंधरा सिनेमांत होता. दिग्दर्शक निखिल महाजन. याच महाजनच्या 'गोदावरी'साठी २०२१ च्या इफ्फीत जितेंद्र जोशीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रजतमयूर मिळाला होता आणि महाजनला परीक्षकांचं विशेष पारितोषिक. तेव्हा मला वाटलं, आता हा सिनेमा महिन्याभरात ठाण्यात लागेल. लागला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. वर्ष उलटल्यावर बक्षिसाची बातमी कोणाच्या लक्षात राहते? पुढे २०२३ मध्ये त्याच सिनेमाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तोवर तो थिएटरातून जाऊनही बरेच महिने झाले होते. राष्ट्रीय पुरस्कारांचं हेच दुखणं आहे. 'वाळवी'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार जाहीर झाला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, सिनेमा लागून दीड वर्ष झाल्यावर. 'वाळवी' लोकांनी तोंडी प्रचारावर आधीच उचलून धरला होता, त्याचं अडलं नाही. 'गोदावरी'सारख्याचं अडतं. मला परीक्षकांच्या निवडीपेक्षा या उशिराचा राग जास्त येतो. पुरस्कार जाहीर झाल्या आठवड्यात तो सिनेमा संध्याकाळच्या शोला, रत्नागिरीत, लातुरात, भंडाऱ्यात लागला पाहिजे. सरकार पदक देतं, रोख रक्कम देतं, राष्ट्रपतींच्या हस्ते फोटो निघतो. तेवढ्याच खर्चात दोन आठवड्यांचे शो का बांधून देता येऊ नयेत?

तिन्हीसांजेला एका दिवशी सुट्टी घेतली आणि आत्याला घेऊन भाजी-पाव खायला पणजीत गेले. सुकी भाजी, पातळ भाजी, दोन्ही एकत्र, सोबत मिरची भजी. आत्याला म्हटलं, चल ना एका सिनेमाला. तिने सरळ विचारलं, "मध्यांतर असतं?" नसतं म्हटल्यावर विषय संपला.

समारोप २८ तारखेला ताळगावच्या स्टेडियममध्ये होता. आम्ही दोघी तो घरीच मोबाइलवर बघत बसलो. सुवर्णमयूर, म्हणजे इफ्फीचं सर्वोच्च बक्षीस, आणि चाळीस लाख 'टॉक्सिक'ला. आशुतोष गोवारीकरांच्या परीक्षक मंडळाने अभिनेत्रीचं पारितोषिकही त्यातल्याच दोन मुलींना विभागून दिलं. वहीवाले काका जिंकले. पण दिग्दर्शनाचा रजतमयूर मुरेशानूला आणि अभिनेत्याचा फावोला, म्हणजे माझीही अगदीच हार नाही. मुलींना पारितोषिक मिळालं याचा आनंद आहे. सुवर्णमयूर मी असते तर रुमानियाला दिला असता, यात बदल नाही.

आणि मग भारतीय पदार्पणातला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक: 'घरत गणपती'साठी नवज्योत बांदिवडेकर. आत्या सावरून बसली. "हा मी बघितलाय!" जुलैमध्ये लागला तेव्हा भाच्याने नेलं होतं म्हणे. गणपतीसाठी घरी जमलेलं मोठं कुटुंब, दिल्लीची पाहुणी, मानापमान. मला तो गोड वाटला आणि थोडा जास्तच गोड वाटला. पण त्यात माणसं एका घरात खरंच राहत असल्यासारखी वावरतात, आणि हे पहिल्याच सिनेमात जमवणं सोपं नाही. आत्याला माझी मतं नको होती. तिला एवढंच सांगायचं होतं की गोव्यातल्या एवढ्या मोठ्या महोत्सवात जिंकलेला सिनेमा तिने माझ्या आधी पाहिला होता.

डिसेंबरात ऑस्करची पंधरा सिनेमांची यादी आली. 'लापता लेडीज' त्यात नव्हता. ब्रिटनने पाठवलेला, संध्या सुरींचा हिंदीतला 'संतोष' मात्र होता. मी आत्याला फोन करून सांगितलं.

"म्हणजे मंजू माई नाही गेली?"

"नाही."

"आणि ती रत्नागिरीची?"

"तिला आपण पाठवलंच नव्हतं."

जानेवारीत तो सिनेमा हॉटस्टारवर आला आणि आत्याने तो दोन दुपारी लावून, स्वतःचं मध्यांतर घेऊन पाहिला. मग तिचा फोन. छाया कदम छान आहे, समुद्र छान आहे, बाकी नर्सांचं ती सावकाश बघणार होती. "पण मला एक सांग, तिच्या नवऱ्याने घराची कागदपत्रं जिवंतपणी का नाही करून ठेवली?" मग पुढचा अर्धा तास आम्ही रायबंदरच्या घराच्या सातबाऱ्यासारख्या गोव्यातल्या कागदांवर बोललो, आणि सोमवारी ती म्हापशाच्या वकिलाकडे गेली.