न विचारता दिलेला बीटा

मी आउटडोअर बोल्डरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या छोट्या खडकांवर दोराशिवाय चढण्याच्या, बॅचेस घेते. येणारे बहुतेक जण इनडोअर वॉलवर तयार झालेले, तिथे होल्डचा, म्हणजे पकडीचा, रंगच सांगतो कुठे हात घालायचा, खऱ्या दगडावर ते आपलं आपण शोधायचं असतं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चढायला शिकवतो, पण निम्मा वेळ पॅड, म्हणजे खाली अंथरायच्या जाड गाद्या, सरकवण्यातच जातो. दोन पॅडच्या मधल्या फटीत घोटा जातो, म्हणून कडा एकमेकींवर चढवायच्या. खाली सांभाळायला उभ्या असलेल्या स्पॉटरने झेलायचं नसतं, पडणाऱ्याचं अंग पॅडकडे वळवायचं असतं, आणि अंगठे बोटांना चिकटवून ठेवायचे, नाहीतर तेच मोडतात. शूज प्रत्येक वेळी पुसायचे, कारण तळव्याची वाळू सँडस्टोनचा, म्हणजे वालुकाश्माचा, होल्ड घासून गुळगुळीत करते. आणि पाऊस पडून गेल्यावर सँडस्टोनला हात लावायचा नाही, वरून कोरडा दिसला तरी आतून ओला आणि कमजोर असतो, होल्ड तुटला की तो कायमचा गेला. हे सगळं मी ओरडून ओरडून सांगते आणि लोक ऐकतातही. त्या दिवशी बीटावरून, म्हणजे कसं चढायचं याच्या टिपांवरून, जे झालं ते मात्र यातल्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

एक मुलगी होती बॅचमध्ये, उंचीला कमी, फारसं न बोलणारी. तिने घेतलेला प्रॉब्लेम, म्हणजे दगडावरची चढाईची वाट, बसून सुरू होतो, मग बोटांच्या टोकांनी धरायच्या दोन बारीक कडा, म्हणजे क्रिंप, आणि तिथून सगळे वरच्या उतरत्या कडेला, म्हणजे लिपला, झेप घेतात. तिने झेप घेतलीच नाही. उजवा पाय पार कमरेपर्यंत वर आणला, बाजूला ओढून धरायच्या एका होल्डवर, साइडपुलवर, अंग तोलून धरलं आणि डावा हात उजव्यावरून क्रॉस करून मधल्या खळगीपर्यंत नेला. ती खळगी कुणी वापरताना मी आजवर बघितलं नव्हतं! दर वेळी पाय शेवटच्या क्षणी सुटायचा, मग ती होल्ड ब्रश करायची, दगडासमोर बसून हवेत हात फिरवत सगळी हालचाल पुन्हा जुळवायची आणि परत लागायची. प्रत्येक वेळी थोडं पुढे जात होती. मी फक्त स्पॉट करत होते, एक शब्द बोलले नाही, कारण तिने विचारलं नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या ग्रुपमधला एक जण आला, क्लायंबर म्हणून खरंच तगडा. "अगं, डावी टाच वर लाव, हील हूक, आणि सरळ लिप धर!" वर स्वतः चढून दाखवलं, लिपवर चॉकची, म्हणजे हात कोरडे ठेवायच्या पांढऱ्या पुडीची, लांब रेघही ओढली. मी म्हटलं, "दादा, तिला बीटा हवाय का ते आधी विचारू या." तो दुखावला, म्हणाला मदतच करतोय ना. करतच होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी आजही मान्य करते.

तिने टाच लावली आणि लगेच टॉप आउट झाली, म्हणजे दगडाच्या माथ्यावर पोचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली आली, शूज सैल केले आणि हळूच विचारलं, "ताई, माझ्या पद्धतीने गेलं असतं का?" मी म्हटलं, "गेलं असतं." मनापासून म्हटलं, अजूनही तसंच वाटतं. मग ती त्याच प्रॉब्लेमवर परत गेली, स्वतःच्या पद्धतीने. पण आता अर्ध्यावर टाच आपोआप वर जायला बघायची, हात अडखळायचे. शेवटी बोटाची कातडी फाटली आणि थांबावं लागलं.

माझा सहकारी म्हणाला, वर पोचली ना, ग्रेड तोच, उगाच बाकीच्यांना ताटकळत ठेवलं. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन क्लायंबर जॉन शर्मनने टेक्सासच्या ह्युएको टँक्सला व्ही ग्रेड बनवले ते प्रॉब्लेम किती कठीण हे सांगायला, तू कशी चढलीस ते त्या आकड्यात येतच नाही. आणि १९५० च्या दशकात ज्याने बोल्डरवर चॉक आणला तो जॉन गिल मुळात जिम्नॅस्ट, त्याच्या लेखी हालचालीचा डौल कठीणपणाइतकाच मोलाचा होता. मग कुणी स्वतःची चाल शोधतंय त्यात वेळ वाया कसा जातो? लिपवरची रेघ मी जाताना ब्रशने पुसली, दोन मिनिटांचं काम. ऐकलेला बीटा कशाने पुसायचा? ऑनसाइट, म्हणजे काहीही माहिती नसताना पहिल्याच प्रयत्नात चढणं, तर एकदा कानावर पडलं की संपतंच, पण इथे कितीतरी वेळ खपून जमवत आणलेली तिची स्वतःची चाल मोडली, आणि त्या नुकसानाला आमच्या धंद्यात धड नावही नाही. मोठ्याने गाणी लावली तर लोक चिडतात, न विचारता बीटा देणं मात्र बरेच जण चांगुलपणा म्हणून खपवतात.

सहकाऱ्याशी वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, नवख्यांना बीटा हवाच असतो, आणि बऱ्याच जणांना हवाही असतो, ते खरंय. म्हणून आता पॅड लावून झाले की मी एकेकाला विचारते, बीटा हवाय का, किती, आणि कधी. परवा एक जण म्हणाला, "पाय सांगा, हात मी शोधतो." मी सगळ्यांना तेवढंच बजावलं आणि स्पॉटला उभी राहिले.