तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात 'सौभद्र' लोकांना आवडलं का?

बँकेत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, कुठंही गाठ पडली की एकच प्रश्न येतो. "ते 'सौभद्र' बसवलंत ना तुम्ही, लोकांना आवडलं का ओ?" मी "आवडलं की" म्हणते आणि पुढे होते. परवा स्टँडवर पुन्हा एकांनी विचारलं आणि तेवढ्यात त्यांची बस लागली. तेव्हा सांगायचं राहिलं ते आज सांगते.

आमची संस्था हौशी. तालमी शाळा सुटल्यावर एका वर्गात, बाकं भिंतीला लावून. नऊ महिने खपून आम्ही 'संगीत सौभद्र', म्हणजे सुभद्रा-अर्जुनाच्या लग्नाचं ते जुनं संगीत नाटक, उभं केलं. दिग्दर्शन माझं. हुतात्मा स्मृती मंदिरात तीन प्रयोग झाले, गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, संपल्यावर फेब्रुवारीत दोन आणि एप्रिलमध्ये एक. तिन्ही वेळा मी शेवटच्या रांगेत दोनशेपानी वही मांडीवर घेऊन बसले आणि रंगमंचाकडे कमी, माणसांच्या पाठींकडे जास्त बघितलं. प्रयोग संपल्यावर आत येऊन लोक जे बोलतात ते मायेनं बोलतात, त्यावरून काही कळत नाही. अंधारात ती काय करतात त्यावरून कळतं.

मूळ नाटक पाच अंकी, पदं म्हणजे नाटकातली गाणी शंभराहून जास्त. आम्ही दोन अंकांत आणि चोवीस पदांत आणलं, तेव्हा काही जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं की हे नाटक लिहिणाऱ्या खुद्द अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८ नोव्हेंबर १८८२ ला पहिला प्रयोग केला तो तीनच अंकांचा. पाचही अंक पुढच्या वर्षी आले. त्याआधी 'शाकुंतल'ही त्यांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला चारच अंकांचं केलं होतं. नाटक अर्धं लोकांपुढे ठेवायचं, लोक कुठे रमतात ते बघायचं आणि मग पुढे जायचं, ही रीत त्यांचीच. म्हणून पहिल्या प्रयोगांना मी फार जपते. बक्षीस मिळतं का यापेक्षा तिथं आपल्याला काय ऐकू येतं, ते मला मोलाचं वाटतं.

पहिल्या प्रयोगाला निम्म्याहून थोड्या जास्त खुर्च्या भरल्या. पुढे साठीच्या पुढची मंडळी, मागे कलाकारांचे नातेवाईक आणि कॉलेजची मुलं. नांदीच्या, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाच्या पानावर वहीत 'शांत' एवढंच आहे. बलराम संन्याशाच्या वेशातल्या अर्जुनाच्या पाया पडतो तिथं हशा आला, आम्ही धरला होता त्याच्या दुप्पट. सुभद्रेच्या पदाचं पान मात्र खोकल्यानं भरलंय. थंडी सरली होती, एवढे घसे एकदम बसायचं कारण नव्हतं. लक्ष सुटलं की माणसाला खोकला येतो, पाणी प्यावंसं वाटतं, मोबाइल बघावासा वाटतो.

आमच्या सुभद्रेचा गळा असा की तालमीत चहा घेऊन आलेला पोरगा किटली धरून दारातच थांबायचा. पण 'वद जाऊ कुणाला शरण' ती गायली ती मधोमध, माइकच्या बरोबर खाली, समोर बघत. सखी बाजूला नुसती उभी. पद सात मिनिटं चाललं आणि चौथ्या मिनिटाला सातव्या रांगेत पहिला मोबाइल उजळला.

रात्री घरी येऊन पद पुन्हा वाचलं. त्यात 'अग सखये' अशी सरळ हाक आहे. सगळ्या आप्तांना दुःख सांगून झालं, आता कुणाकडे जाऊ ते तूच सांग, असं ही मुलगी आपल्या मैत्रिणीला विचारतेय. आणि मी तिला मैत्रिणीकडे पाठ करून उभी केली होती! किर्लोस्करांच्या आधी आपल्याकडे नाटकातलं गाणं सूत्रधाराच्या गळ्यात असायचं. त्यांनी पदं पात्रांच्याच तोंडी दिली. म्हणजे पद हे त्या पात्राचं बोलणंच आहे. हे मी दहा जणांना शिकवलेलं, आणि माझ्याच सुभद्रेला सांगायचं राहिलं.

आठ दिवस तेवढं एकच पद घेतलं. दोघींना खाली बसवलं, सखीच्या हातात अर्धा ओवलेला गजरा दिला. 'अग सखये' म्हणताना सुभद्रा तिच्या हातातली सुई काढून घेते, बस. ताना निम्म्या केल्या. ते सुभद्रेच्या जिवावर आलं, दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पद साडेचार मिनिटांवर आलं.

अजून एक. पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी कॉलेजची एक मुलगी दुसरीला विचारत होती, "वद म्हणजे काय ग?" "सांग." "अगं, मी तुलाच विचारतेय." "तेच सांगतेय, वद म्हणजे सांग." भाषा सोपी करा असा सल्ला आम्हाला बराच मिळाला होता. मी पदातला एक शब्द हलू दिला नाही. फक्त पद सुरू व्हायच्या आधी सुभद्रा सखीकडे वळून हळूच "सांग ना" म्हणते. मूळ संहितेत ते नाही, ते दोन शब्द मी घातले.

दुसऱ्या प्रयोगाला वहीचं ते पान कोरं आहे. मीच बघत राहिले.

आता ज्याचं मला अजून वाईट वाटतं ते. पहिल्याच प्रयोगात आमच्या कृष्णाने 'प्रिये पहा' सुरेख म्हटलं. रुक्मिणीला पहाट दाखवायचं ते पद. संपताक्षणी तिसऱ्या रांगेतून धोतर-टोपीतल्या एका आजोबांनी खणखणीत आवाज दिला, "वन्समोअर!" मागची मुलं दचकली. त्यांना वाटलं कुणी गोंधळ घालतंय. "ओ आजोबा, बसा की," असं दोघंतिघं म्हणाले, चारपाच जणांनी माना वळवून बघितलं. बालगंधर्वांच्या काळी वन्समोअर, म्हणजे पद पुन्हा म्हणायला लावणं, हा प्रेक्षकाचा हक्क होता, एकेका पदाला तो कितीदा यायचा आणि नट तो मानायचा. हे त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण मीही कलाकारांना बजावून ठेवलेलं, काही झालं तरी थांबायचं नाही, वेळ पाळायची. कृष्णाने एक श्वास भरून विंगेत बघितलं, आतून खूण झाली आणि तो पुढचं गद्य बोलू लागला. मध्यंतरानंतर ती खुर्ची रिकामी होती. दारावरच्या आमच्या मुलाने सांगितलं, आजोबांनी अक्कलकोटची शेवटची गाडी किती वाजता ते विचारलं आणि गेले. गाडीसाठीच गेले असतील. नसतीलही.

म्हणून दुसऱ्या प्रयोगाला पडदा उघडायच्या आधी मी स्वतः पुढे येऊन सांगितलं की पद आवडलं तर वन्समोअर द्या, आम्ही मान राखू. लोकांनी दिला. प्रत्येक पदाला दिला. घटोत्कचाच्या उडीलासुद्धा लहान मुलांनी दिला आणि त्या बिचाऱ्याने पुन्हा उडी मारली. दोन तास चाळीस मिनिटांचं नाटक सव्वातीन तासांच्या पुढे गेलं, शेवटच्या प्रवेशाला लोक घड्याळं बघत होते. शिकवून आलेल्या त्या आवाजात आजोबांच्या आवाजातलं काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी पडद्यापुढे गेले नाही.

त्याच दुसऱ्या प्रयोगाला आमच्या अर्जुनाची आजी आली होती. घरात कानडी, मराठी कळतं पण बोलताना अडखळतात. एका पदाला त्या माझ्या शेजारी बसून गुणगुणायला लागल्या आणि शब्द मराठी नव्हते. मी वाकून ऐकलं. चाल तीच, शब्द कानडी. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "हे आमच्याकडचं की ओ, लहानपणी ऐकलंय." किर्लोस्करांचं गाव धारवाडकडचं गुर्लहोसूर, कानडी चाली त्यांनी आपल्या नाटकांत घेतल्या हे मी पुस्तकात वाचलेलं. पण ते असं हाताच्या अंतरावर, एका म्हातारीच्या ओठांवर ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सोलापूरचा प्रेक्षक मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू असा मिसळलेला, त्यांना संगीत नाटक कसं कळणार, असं आम्हाला तालमींच्या दिवसांत कितीतरी जणांनी ऐकवलं होतं.

एप्रिलचा प्रयोग उन्हाळ्यातला. रात्री नऊलाही भिंती तापलेल्या. त्या दिवशी शहराच्या पूर्व भागातून, तेलुगू विणकरांच्या वस्तीतून बरीच मंडळी आली, कारण सखीचं काम करणारी मुलगी तिकडची. तिचे वडील यंत्रमागावर काम करतात, पाळी बदलून घेऊन आले होते. माझ्या पुढच्याच रांगेत बसले. संगीत नाटक आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पहिला अर्धा तास ते फक्त मुलगी कधी येते ते बघत होते, ती आली की बायकोला कोपरानं ढोसायचे. पुढे पुढे ढोसायचे थांबले.

सुभद्रेचं पद आलं. दोघी खाली बसलेल्या, मधे गजरा, सुभद्रेच्या हातात सुई. पद संपलं. टाळ्या लगेच आल्या नाहीत. त्या शांततेत हे गृहस्थ अर्धे उठले आणि तेलुगू वळणाच्या मराठीत, मोठ्यानं नाही, समोरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा की ओ, बाई."

कुणी वळून बघितलं नाही, कुणी बसा म्हटलं नाही. ऑर्गनवाल्या काकांनी मान वर करून सुभद्रेकडे पाहिलं. तिने विंगेकडे बघितलंच नाही. हातातली सुई सखीला परत दिली आणि "सांग ना"पासून सुरुवात केली.